एकच कारकून, दोन खिडक्या

परदेशातून डॉक्टरीची पदवी घेऊन आलेल्या मुलांना इथे परवाना मिळवायचा, तर ३०० प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. १५० गुण मिळाले की पास. माझी पुतणी सध्या या परीक्षेच्या तयारीत आहे. तिची वही मी कुतूहलानं चाळली. डावीकडे औषधाचं नाव, उजवीकडे दुष्परिणाम. ‘एनालाप्रिल : कोरडा खोकला.’ बस्स! उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला नोंद दिसली, की तिच्यामागचं व्हाऊचर पाहावंसं वाटतं.

पुतणीनं ते दाखवलं. आपल्या शरीरात एक विकर असतं. ते अँजिओटेन्सिन या द्रव्याला असं रूप देतं, की रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधं या विकराला अडवतात, दाब उतरतो. पण हा कारकून दोन खिडक्या सांभाळत असतो! ब्रॅडिकायनिन नावाच्या दुसऱ्या द्रव्याचा निपटाराही त्याच्याकडेच. त्याला जागेवरून उठवलं, की त्या खिडकीपुढे रांग साचते आणि खोकल्याची ढास लागते. म्हणजे गुण आणि दोष एकाच व्हाऊचरवर.

या औषधांचा माग लागला तो ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापामुळे. त्याच्या विषाच्या अभ्यासातून १९४९ साली रोशा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांना ब्रॅडिकायनिन गवसलं. १९६५ साली सर्जिओ फरेरा यांना त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारा घटक आढळला. त्या वाटेनं पुढे कॅप्टोप्रिल तयार झालं. १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

पाठांतरानं गुण मिळतील. पण उद्या समोर बसलेला रुग्ण ‘खोकला जात नाही’ एवढंच सांगेल. दाबाच्या गोळीचा आणि खोकल्याचा संबंध त्याला कसा सुचावा? मग औषधाच्या बाटल्या संपत राहतात, छातीचे फोटो निघतात. दुसरी खिडकी ठाऊक असलेला डॉक्टर मात्र आधी विचारतो, ‘दाबाची कुठली गोळी घेता?’ दोष तिचा असेल, तर ती बदलल्यावर बहुधा काही आठवड्यांत खोकला थांबतो. क्वचित याच गोळीनं ओठ, जीभ सुजते. तेव्हा तडक रुग्णालय गाठावं.

आपल्या मनानं गोळी बंद करणं धोक्याचं. पण डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. हिशेब जुळवायचा, तर सगळी खाती समोर हवीत.