रोजच्या वाटेवरची कॅम्पर व्हॅन

जुनी कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवण्याची सोय असलेली मोटार, बहुतेकांच्या मनात सुट्टीशी जोडलेली असते. आठवडाभर झाकून ठेवायची आणि ऊन पडले की समुद्रकिनारी न्यायची, असाच तिचा वापर गृहीत धरला जातो. ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स या देशांत मात्र चार-पाच दशकांची फोक्सवागन व्हॅन रोज कामावर नेणारे, तिच्यातूनच मुलांना शाळेत सोडणारे आणि आठवड्याचा बाजार आणणारे लोक आजही आहेत. त्यांच्याकडे हौशी माणसांची लहर म्हणून पाहणे हे या गाडीच्या इतिहासावर आणि यंत्ररचनेवरही अन्याय करणारे आहे, कारण ती मुळात रोज राबण्यासाठीच घडवली गेली. बदलले आहेत ते रस्ते, त्यांवरचा वेग आणि पेट्रोल. आणि ज्या देखभालीची अपेक्षा धरून गाडी बनवली गेली, ती देखभाल करण्याची सवय आजच्या मोटारमालकाला राहिलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवागन कारखान्यात सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी बीटल मोटारीच्या सांगाड्यावर एक उघडी, सपाट फलाटाची गाडी तयार करण्यात आली होती. ती बेन पॉन या डच आयातदाराच्या नजरेस पडली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी त्याने आपल्या वहीत मागे इंजिन, पुढे चालक आणि मध्ये माल अशी मांडणी असलेल्या पेटीसारख्या गाडीचे साधे रेखाटन केले. मार्च १९५० मध्ये या गाडीचे नियमित उत्पादन सुरू झाले; बीटल ही कंपनीची ‘टाइप १’ असल्याने ही ‘टाइप २’ ठरली. पहिल्या गाडीचे इंजिन ११३१ सीसीचे आणि केवळ २५ अश्वशक्तीचे होते, पण युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशातील बेकरीवाले, रंगारी, टपाल खाते, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दले या सर्वांना तेवढ्यावर भागवता आले. १९५१ मध्ये वेस्टफालिया या गाडीबांधणी करणाऱ्या कंपनीने या व्हॅनसाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ हा लाकडी सामानाचा संच आणला, आणि त्यातील विचार फार महत्त्वाचा होता: हा संच काढता-घालता येत असे, म्हणजे आठवडाभर धंद्याचा माल वाहणारी गाडीच सुट्टीत कुटुंबाचे घर होत असे. कॅम्पर आणि कामाची गाडी या वेगळ्या नाहीत, हे सूत्र अशा रीतीने पहिल्या दिवसापासूनचे आहे. मराठी वाचकाला या कथेत एक ओळखीचा धागाही सापडतो. हँबर्गच्या टेम्पो कंपनीने १९४९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘मॅटाडोर’ या मालवाहू गाडीत सुरुवातीला फोक्सवागनचेच इंजिन होते आणि पुढे याच टेम्पो कंपनीच्या सहकार्याने भारतात बजाज टेम्पो उभी राहिली. महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचलेले मॅटाडोर हे नाव तिथून आलेले आहे.

रोजच्या वापरासाठी गाडी निवडताना पिढ्यांमधील फरक समजून घ्यावा लागतो. १९६७ पर्यंत जर्मनीत बनलेली, पुढची काच दोन भागांत विभागलेली व्हॅन सर्वांत देखणी मानली जाते आणि तिची किंमतही त्या मानानेच असते. पण तिच्या बहुतांश काळातील गाड्यांची वीजव्यवस्था ६ व्होल्टची, म्हणून दिवे मंद, आणि मागचा ॲक्सल असा की जोरात वळण घेताना चाकाचा कोन बदलून गाडी डळमळते. १९६७ ते १९७९ या काळातील, एकसंध बाकदार काचेच्या दुसऱ्या पिढीत १२ व्होल्टची वीजव्यवस्था, सुधारलेला मागचा ॲक्सल आणि दोन स्वतंत्र भागांत विभागलेली ब्रेकयंत्रणा, म्हणजे एका भागातील तेल गळाले तरी दुसऱ्या भागाने गाडी थांबवता येईल अशी रचना आली. १९७१ च्या मॉडेलपासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही मिळाले. रोज रस्त्यावर उतरायचे असेल तर डिस्क ब्रेकची गाडीच घ्यावी, याबाबत दुमत होण्याचे कारण नाही. आकाराची भीती मात्र निराधार आहे, कारण दुसऱ्या पिढीची व्हॅन सुमारे साडेचार मीटर लांब असते आणि पहिल्या पिढीची तर आजच्या फोक्सवागन गोल्फएवढीच. चालक अगदी पुढच्या टोकाला आणि उंच बसत असल्याने गल्लीबोळातून ती सहज निघते. अडचण येते ती उंचीची, कारण उघडता येणारे छप्पर बसवलेली गाडी काही इमारतींच्या वाहनतळांत शिरू शकत नाही.

या गाडीचे खरे मर्म तिच्या इंजिनात आहे आणि रोज वापरणाऱ्याने ते नीट समजून घेतलेच पाहिजे. चार सिलिंडर आडवे, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, असलेले हे इंजिन पाण्याने नव्हे तर हवेने थंड होते. रेडिएटर नाही, म्हणून तो फुटण्याची किंवा पाणी उकळण्याची चिंता नाही. सर्वाधिक आढळणाऱ्या १६०० सीसी इंजिनात थंड हवा फेकणारा पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर बसवलेला असतो आणि दोन्ही एकाच पट्ट्याने फिरतात. हा पट्टा तुटला की चालकासमोर चार्जिंगचा लाल दिवा लागतो. साध्या मोटारीत या दिव्याचा अर्थ बॅटरी भरत नाही एवढाच असतो, या गाडीत मात्र इंजिनाला वारा मिळत नाही असा होतो, आणि तशीच गाडी पुढे दामटली तर इंजिन भाजून निघते. म्हणूनच जाणकार मालकाच्या गाडीत जादा पट्टा आणि तो बदलण्याचा पाना कायम असतो. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेची रबरी पट्टी यांचेही असेच आहे. इंजिनाखालची तापलेली हवा आणि पंख्याने ओढून घ्यायची थंड हवा यांना ही पट्टी वेगळे ठेवते. ती फाटली किंवा कोणा घाईतल्या मेकॅनिकने परत बसवलीच नाही, तर पंखा तीच गरम हवा पुन्हा इंजिनावर फेकत राहतो. चालकाला यातले काहीच जाणवत नाही, इंजिनाचे आयुष्य मात्र झपाट्याने घटते.

सर्वांत नाजूक जागा तिसऱ्या सिलिंडरची. १९७० च्या सुमारापर्यंतच्या इंजिनांत तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेत अशा ठिकाणी होता की या सिलिंडरला पोहोचणारी हवा आधीच तापलेली असे. पुढे कूलर बाजूला सरकवण्यात आला, तरी या सिलिंडरकडे लक्ष ठेवण्याची सवय जाणकारांत टिकून आहे. जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी अतिउष्णतेने हळूहळू ताणली जाते, व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यातील फट कमी होते आणि अखेरीस व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा होतो. मग त्याच्या कडेने जळते वायू निसटतात आणि एखाद्या दिवशी व्हॉल्व्हचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडले की सारे इंजिन निकामी होते. हे टाळण्याचा उपाय मात्र अगदी साधा आहे. सुमारे ५००० किलोमीटरला एकदा, इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे शक्यतो रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी, दोन्ही बाजूंची तारेच्या कडीने धरलेली झाकणे काढायची, इंजिन हाताने फिरवून एकेक सिलिंडर योग्य स्थितीत आणायचा आणि फीलर गेजच्या, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पट्टीच्या साहाय्याने प्रत्येक फट ०.१५ मिलिमीटर आहे का ते पाहायचे. कमी-जास्त असेल तर नट ढिला करून स्क्रू किंचित फिरवायचा आणि नट पुन्हा आवळायचा. महाराष्ट्रातील गॅरेजवाले ज्याला टॅपेट सेटिंग म्हणतात ते हेच काम. सरावलेल्या हाताला यासाठी तासभरही लागत नाही, आणि एखाद्या व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी झालेली आढळली तर तो व्हॉल्व्ह निकामी होण्याच्या मार्गावर आहे, हे मोडतोड होण्याआधीच कळते. त्याच बैठकीत तेलही बदलावे, कारण या इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर असते, ते गाळायला कागदी फिल्टर नसून केवळ जाळी असते आणि इंजिन थंड ठेवण्याचा मोठा भार त्या तेलावरच असतो.

या देखभालीचा धाक घेऊन गाडी वापरूच नये असे मात्र नाही, किंबहुना उभी राहिलेली जुनी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वाळून त्याचा चिकट थर बसतो, ब्रेकचे सिलिंडर आणि हँडब्रेकच्या तारा गंजून जाम होतात, रबरी सील कोरडे पडून तेल गळू लागते. रोज चालणाऱ्या गाडीत या तक्रारी उद्भवतच नाहीत आणि उद्भवल्या तरी त्याच दिवशी ध्यानात येतात, कारण रोजच्या चालकाला आपल्या इंजिनाचा आवाज पाठ असतो. फक्त अंतर फार तोकडे नको. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत तेल पुरते तापत नाही, आत साचलेली वाफ निघून जात नाही आणि ते पाणी तेल व सायलेन्सर दोन्ही खराब करते. १५-२० किलोमीटरचा, फारसा द्रुतगती मार्ग नसलेला रोजचा प्रवास या गाडीला सर्वांत मानवतो. ताशी ८० ते ९० किलोमीटर हा तिचा सुखाचा वेग. त्यापुढे इंजिन तापते, आणि उंच सपाट बाजूंवर आडवा वारा आदळला की गाडी शेजारच्या मार्गिकेकडे ढकलली जाते. लिटरला साधारण ८ ते १० किलोमीटर एवढेच अंतर ती कापते, हा खर्च रोजच्या वापरात डोळ्याआड करता येत नाही.

पेट्रोलच्या नळ्यांबाबत तर तडजोड नकोच. या व्हॅनची टाकी इंजिनाच्या अगदी लगत असते, इंजिनाचा मुख्य भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तो एकदा पेटला की पाण्याने विझत नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, भारतात ते प्रमाण २० टक्क्यांवर नेले गेले आहे, आणि जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने मऊ पडून चिरते. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवणे आणि त्या ठरावीक काळाने बदलणे हा या गाडीवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक खर्च आहे.

उत्तर युरोपात रोजच्या वापराचा सर्वांत मोठा शत्रू हिवाळा आहे. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ चाकांच्या कमानी, दारांखालचे पोकळ पत्रे आणि खालच्या आडव्या पट्ट्या यांत साचून आतून पत्रा खाते. वरून रंग चकाकत असताना खालचा आधार भुसभुशीत झालेला असतो, आणि सबंध गाडीचा भार पेलणारे हे भाग कापून नव्याने वेल्डिंग करणे इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी महाग पडते. थंडीत आत ऊब मिळते ती एक्झॉस्ट नळ्यांभोवतीच्या आवरणातून तापून आलेल्या हवेची. ही आवरणे किंवा आतील नळ्या गंजल्या तर उबेबरोबर विषारी धूरही आत येऊ शकतो, म्हणून त्यांची तपासणी हा केवळ सोयीचा विषय राहत नाही. पोकळ भागांत मेणाचा थर फवारून घेऊनही मिठाच्या महिन्यांत दुसरे वाहन वापरणे हाच शहाणपणा, आणि वर्षभर रोज हा हट्ट तिथे सोडावा हे बरे.

सुरक्षिततेबाबतही स्पष्ट बोलले पाहिजे. चालकाचे पाय पुढच्या चाकांच्याही पुढे, पातळ पत्र्यामागे असतात. एअरबॅग नाही, चाके जखडू न देणारी एबीएस ब्रेकयंत्रणा नाही. पुढच्या गाडीपासून जादा अंतर ठेवणे, आधुनिक तीन टोकांचे पट्टे बसवून घेणे आणि आडव्या बाकावर लहान मुलांना न बसवणे, हे रोजच्या चालकाचे नियम असायला हवेत. याच मुद्द्यावर ब्राझीलमधील या गाडीचे पर्व संपले. तिथे कॉम्बी या नावाने ती बाजाराचा माल आणि शाळेची मुले वाहत राहिली, पण नव्या गाड्यांना एअरबॅग आणि एबीएस बंधनकारक होताच २०१३ अखेर तिचे उत्पादन थांबले. इतकी दशके ती बनत राहिली आणि बीटलशी तिचे अनेक भाग जुळतात, म्हणूनच आज तिचा जवळपास प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. रोजच्या वापराचा सारा आधार या पुरवठ्यावर आहे.

कायद्याने अशा वापराकडे कसे पाहावे याबाबत देशोदेशी मतभेद आहेत. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात नीट राखलेल्या गाडीला ‘एच’ हे अक्षर असलेली पाटी मिळते, वर्षाला सुमारे १९२ युरो एवढा ठोक कर लागतो आणि शहरांतील प्रदूषणनियंत्रित भागांतही प्रवेश असतो. मात्र गाडीची नियमित तांत्रिक तपासणी सुटत नाही. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर वाहनकर माफ होतो आणि मोठे फेरबदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही, ही सूट रोज धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत घेऊ नये हेच योग्य. जुन्या गाड्यांचा स्वस्त विमा बहुधा वर्षाच्या किलोमीटरवर मर्यादा घालतो आणि घरात दुसरी नेहमीची गाडी असावी असेही सांगतो, त्यामुळे रोजच्या वापरासाठी वेगळा करार करावा लागतो.

भारतात ही व्हॅन कधी बनली नाही, पण २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेले नियम इथल्या जुन्या गाड्यांना लागू आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील खासगी गाडीला २०,००० रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन किंवा इंधन भरणे व दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. नियमित वापराला बंदी आहे. जुनी गाडी जपली जावी हा या नियमाचा हेतू स्वागतार्ह असला, तरी उभ्या गाडीचे काय होते ते पाहता ही बंदी त्या हेतूच्याच विरोधात जाते, आणि जर्मनीप्रमाणे नियमित यांत्रिक तपासणीची कडक अट घालून मर्यादित दैनंदिन वापराला मुभा दिली, तर पुण्या-मुंबईतील जुन्या गाड्यांच्या मालकांना आणि त्या दुरुस्त करू जाणाऱ्या, आता संख्येने कमी होत चाललेल्या मिस्त्रींनाही तिचा लाभ होईल.