दम कुठे घ्यायचा?

आमच्या डोंबिवलीच्या बासरीच्या क्लासमध्ये आम्ही पाच जणी. सगळ्या चाळिशीपुढच्या. एक ठाण्याहून येते, एक कल्याणहून. आठच्या आत क्लास सुटला नाही, तर घरी कुकर कोणी लावायचा हा प्रत्येकीचा प्रश्न!

गेल्या वर्षी लेकीने मला ‘स्पिरिटेड अवे’ हा २००१ सालचा जपानी चित्रपट दाखवला. त्यातली सुरुवातीची पियानोची धून डोक्यातून जाईना. संगीतकार ज्यो हिसाइशी, जन्म १९५०चा. जपानी संगीतातही पाच सुरांच्या रचना खूप. त्यातला एक प्रकार तर थेट आपला भूपच, सा रे ग प ध. मग म्हटलं, हे काही अगदी परकं नाही. आपण पाच बासऱ्यांवर बसवूया की!

वही उघडली आणि अडचण कळली. पियानोवर दोन हात, एकाच वेळी चार-पाच सूर. बासरी एका वेळी एकच सूर देणार. मग एकाखाली एक तीन ओळी आखल्या. वर चाल, मध्ये तिला उत्तर देणारे सूर, खाली नुसता आधार. बासरीवर कोमल स्वरांसाठी, अगदी शुद्ध मध्यमासाठीही, छिद्र अर्धंच दाबावं लागतं. म्हणून अशी अर्धी छिद्रं कमीत कमी येतील असा सा निवडला. फुंकेच्या उबेने बासरीचा सूर किंचित चढतो, त्यामुळे आधी सगळ्यांनी दहा मिनिटं वाजवून मगच सूर जुळवायचे, हेही ठरलं.

चाल अर्थात मी घेतली. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या ताईंची बोटं संधिवाताने आखडतात, म्हणून खालची ओळ त्यांना. आठ-आठ मात्रांचे लांब सूर, बोटं हलवायलाच नकोत. सोप्पं!

पहिल्याच तालमीत सहाव्या मात्रेला ताईंचा दम संपला. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी त्यांनी बासरी पिशवीत घातली.

“सोपं म्हणून मला दिलंस ना गं? तेही जमत नाही बघ. पुढच्या महिन्यापासून मला धरू नका.”

रात्री मी ती ओळ स्वतः वाजवून पाहिली. मंद्रातला सूर आठ मात्रा न हलता धरायचा म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. सातव्या मात्रेला माझाही सूर थरथरला. सगळ्यात जड काम मी सोपं म्हणून ताईंच्या गळ्यात घातलं होतं. ते उठून दिसत नाही, एवढंच. घरातल्या कितीतरी कामांचं असंच नाही का?

खरं तर मोठ्या वाद्यवृंदात हे कधीच सोडवलेलं आहे. लांब सूर एकटीने धरायचाच नाही. ताईंनी सुरू करायचा, तिसऱ्या मात्रेला दुसरीने हळूच त्यात मिसळायचं, पाचव्याला ताईंनी श्वास घ्यायचा. ऐकणाऱ्याला सूर अखंडच वाटतो. मी वहीत दमाच्या जागी स्वल्पविराम टाकले, चाल कल्याणच्या मैत्रिणीला देऊन टाकली आणि ताईंना फोन केला.

“ताई, ही ओळ सोपी नाहीये. माझीच चूक झाली. आपण दोघी मिळून वाजवू.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, “बरं. उद्या सहाला येते.”

ठाण्यात पं. विवेक सोनार यांच्या शिष्यांनी पुष्कळ बासऱ्या एकत्र वाजवण्याचा पायंडा पाडला आहे. देबोप्रिया आणि सुचिस्मिता चॅटर्जी या बहिणी पं. हरिप्रसाद चौरसियांकडे शिकून मैफली गाजवताहेत. आमची मजल कोजागिरीच्या गच्चीपर्यंतच! जाहीर कार्यक्रमात ही धून वाजवायची तर हक्कधारकांची परवानगी हवी. आपल्या कायद्यानुसार संगीतकाराच्या पश्चातही ६० वर्षं हा हक्क राहतो.

त्या रात्री दूध आटत होतं, आम्ही वाजवलं. चाल एके ठिकाणी घसरली, पण खालचा सूर हलला नाही. नंतर शेजारच्या काकूंनी विचारलं, “शेवटचा तो लांब सूर कोणाचा गं?”

ताई म्हणाल्या, “आमचा.”