काकू, भरती कधी?

शुक्रवारी रात्री ऑफिसचा शेवटचा मेल टाकला, पाच जण एका गाडीत कोंबले आणि ताम्हिणी घाट उतरून थेट दापोलीजवळचं कर्दे गाठलं. सकाळी गरमागरम घावन, चटणी, चहा. वाढता वाढता होम-स्टेच्या काकू म्हणाल्या, "पोरांनो, अवस आहे आज. दुपारी पाणी उतरायला लागलं की आत जाऊ नका हो." आम्ही "हो हो" केलं आणि बरोबर तीन वाजता पाण्यात!

तसा मी पट्टीचा पोहणारा. पण टँकमधला. कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो, लाटाही नव्हत्या. बघता बघता पायाखालची वाळू सरकली. किनाऱ्याकडे जीव तोडून हात मारतोय आणि किनारा आणखी लांब जातोय. छाती भरून आली. तेवढ्यात वाळूवर जाळं दुरुस्त करत बसलेले एक आजोबा उठून ओरडायला लागले, "आडवा जा, आडवा!" मी आडवा पोहलो. थोड्याच वेळात ओढ सुटली आणि लाटेनंच मला किनाऱ्याकडे ढकललं.

त्या संध्याकाळी आजोबांसमोर बसून जे शिकलो आणि घरी आल्यावर जे वाचून काढलं, ते तुमच्यासाठी.

तिथीचं गणित करा. कोकणातला सोपा हिशेब म्हणजे तिथी गुणिले पाऊण. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला साधारण दुपारी बाराला भरती येते. तीही उधाणाची, म्हणून उतरताना पाण्याला ओढ जास्त. आमचे तीन वाजले होते, आठवतंय ना?

शांत पाण्यावर भाळू नका. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्येच एक सपाट, गडद पट्टा दिसतोय? आपण नेमके तिथेच उतरतो. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी बहुतेक वेळा तिथूनच परत आत जातं. यालाच रिप करंट म्हणतात.

ओढीत सापडलात तर तिच्याशी भांडू नका. ती तुम्हाला खाली नाही, आत नेते. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहा. ओढीतून बाहेर पडलात की मगच किनाऱ्याकडे वळा.

मित्र बुडतोय? हिरोगिरी नको. वाचवायला गेलेलेही बुडतात. रिकामा कॅन, बॉल, दोरी, जे तरंगेल ते फेका, गावकऱ्यांना हाक मारा आणि ११२ फिरवा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

बिअर नंतर. आधी समुद्र, मग पार्टी. उलटं कधीच नाही.

बोटीत लाइफ जॅकेट घाला. फोटोसाठी काढू नका. जॅकेट नाही किंवा बोट खच्चून भरलीय, तर डॉल्फिन पुढच्या वेळी बघू.

जेलीफिश डसली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे चिमट्यानं काढा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा. श्वास लागला तर लगेच दवाखाना.

"पावसाळ्यात आपण जातोच कुठे?" असं म्हणत असाल तर एक आठवण. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुड-जंजिऱ्याला सहलीसाठी आलेले पुण्यातले १४ विद्यार्थी बुडाले. आभाळ निरभ्र असलं म्हणून समुद्र शांत असतोच असं नाही.

मी अजूनही कोकणात जातो. पाण्यात डुंबतो, सोलकढी रिचवतो, माशांवर ताव मारतो. फक्त एक सवय बदललीय. पूर्वी पोचल्या पोचल्या विचारायचो, "काकू, जेवायला काय?" आता तो प्रश्न दुसरा. पहिला असतो, "काकू, भरती कधी?"