वाहनफेरी आणि दान पारमिता

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या वाडीत एखाद्याच्या दारात मोटारसायकल उभी राहिली, तर ती पाहायला मुले जमत असत. आज धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा 14 एप्रिलच्या कार्यक्रमाला सभागृहाबाहेर गाड्या लावायला जागा पुरत नाही. शिक्षण, नोकरी आणि कष्ट यांच्या बळावर आपल्या बांधवांनी ही वाहने घेतली आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. परंतु त्याच सभागृहात विद्यार्थी साहाय्य निधीचा विषय निघाला की बैठक लांबते आणि वर्गणी मात्र तेवढीच राहते. दहावीनंतर तालुक्याच्या गावी राहून शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींना खोलीचे भाडे, खानावळ, प्रवास आणि परीक्षा शुल्क यांचा भार पेलत नाही. दारातली ही चाके या निधीच्या कामी आणता येतील काय, आणि आणायची तर कशी, याचा विचार या लेखात करू.

वाहनफेरी म्हणजे काय?

मोटारींची शर्यत वेगळी आणि वाहनफेरी वेगळी. शर्यतीत कोणी पुढे जायचे हा प्रश्न असतो. फेरीत सर्वांनी मिळून ठरलेल्या मार्गाने, बेताच्या वेगाने, वाटेत थांबत जायचे असते. परदेशात मोटार मंडळांची ही प्रथा जुनी आहे. 14 नोव्हेंबर 1896 रोजी लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींचा एक ताफा निघाला होता. मोटारींवरील वेगाची जाचक बंधने सैल झाली, त्याचा तो आनंदोत्सव होता. 1927 साली त्या फेरीची आठवण म्हणून जुन्या मोटारी पुन्हा त्याच रस्त्याने नेण्यात आल्या आणि तेथून ही वार्षिक फेरी रूढ झाली. आपल्याकडेही मोटारमालकांची संघटना नवी नाही. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था 1919 सालची आहे.

हळूहळू या हौसेला परोपकाराची जोड मिळाली. 2012 साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात मार्क हवा या गृहस्थाने नीटनेटका पोशाख करून मोटारसायकली चालवण्याची एक फेरी सुरू केली. ती आता अनेक देशांत निघते, भारतातील शहरांतही निघते, आणि तिच्यातून पुरुषांच्या आरोग्याच्या कार्यासाठी निधी जमतो. स्वार होणारा आपल्या ओळखीच्या लोकांकडून देणगी मिळवतो आणि मगच गाडीवर बसतो. ही पद्धत आपण पुढे नीट पाहणार आहोत.

चाकांचा आपला इतिहास

वर 1927 सालाचा उल्लेख आला. त्याच वर्षी आपल्या कोकणात काय चालले होते? 25 डिसेंबरच्या महाड परिषदेसाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी 24 तारखेला मुंबईहून निघाले. धरमतरवरून मोटारीने जाणे जवळचे होते. परंतु तेथील मोटारवाल्यांनी आयत्या वेळी बहिष्कार टाकला तर काय करायचे, या विचाराने त्यांनी लांबचा जलमार्ग पत्करला. ‘पद्मावती’ बोटीने ते दुसऱ्या दिवशी दासगाव बंदराला पोहोचले आणि तेथून मिरवणुकीने महाडकडे गेले. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. तिकडे लोक हौसेने जुन्या मोटारी फिरवीत होते, आणि इकडे पैसे देऊनही मोटारीत जागा मिळेल की नाही याची आपल्या माणसांना खात्री नव्हती!

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणी तर याहून बोलक्या आहेत. लहानपणी, 1901 च्या सुमारास, वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडे सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरली. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही अशा अटीवर की बैलगाडी मुलांनी हाकायची आणि त्याने पायी चालायचे. 1929 साली बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून दौऱ्यावर होते. चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. पाहुण्यांनी पायी चालत यावे हे वस्तीतील बांधवांना रुचेना. म्हणून टांगा भाड्याने घेऊन त्यांच्यापैकीच एक जण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

विद्यार्थ्यांनी ही उदाहरणे मुद्दाम लक्षात ठेवावीत. गाडी ही आपल्यासाठी केवळ सोय नव्हती. कोण बसणार आणि कोण चालणार, हे ठरवणारी ती एक सत्ता होती. आज तीच गाडी आपल्या दारात आहे. तिचा उपयोग फक्त मिरवण्यासाठी झाला, तर ज्याच्याकडे गाडी नाही त्या आपल्याच बांधवापुढे आपण एक नवी उतरंड उभी करू. वाहनफेरी काढताना हा धोका सतत नजरेसमोर असला पाहिजे.

पैसा येतो कुठून?

आता व्यवहाराकडे वळू. समजा, 10 मोटारी आणि 15 मोटारसायकली रत्नागिरीहून निघाल्या आणि जाऊन-येऊन 300 किलोमीटर फिरल्या. मोटार लिटरला 15 किलोमीटर आणि मोटारसायकल 50 किलोमीटर जाते असे धरू, आणि हिशोबाच्या सोयीसाठी पेट्रोल 100 रुपये लिटर मानू. मोटारीला 20 लिटर म्हणजे 2,000 रुपये, मोटारसायकलला 6 लिटर म्हणजे 600 रुपये लागतील. एकूण इंधनखर्च 29,000 रुपये. प्रत्येक वाहनाकडून 500 रुपये प्रवेश शुल्क घेतले तर जमतील 12,500 रुपये. म्हणजे निधीपेक्षा धूरच जास्त! अशी फेरी काढण्यापेक्षा पेट्रोलचे पैसे थेट विद्यार्थ्यांना दिलेले बरे.

यावर उपाय म्हणजे किलोमीटरमागे देणगीची पद्धत. प्रत्येक चालकाने फेरीपूर्वी दहा देणगीदार गाठायचे आणि प्रत्येकाकडून किलोमीटरमागे एक रुपया असे वचन घ्यायचे. 300 किलोमीटरचे एका देणगीदाराचे 300 रुपये, दहा जणांचे 3,000 आणि 25 वाहनांचे 75,000 रुपये होतात. इंधन ज्याने त्याने आपल्या खिशातून भरायचे, ते निधीतून घ्यायचे नाही. ही अट मोडली की फेरीचा अर्थच मोडला.

या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. देणगीदार मिळवण्यासाठी गाडी लागत नाही. महिला मंडळातील भगिनी, महाविद्यालयीन विद्यार्थी, निवृत्त शिक्षक यांपैकी कोणीही एखाद्या वाहनाच्या नावाने वचने गोळा करू शकतात. फेरीच्या दिवशी सर्वाधिक देणगीदार मिळवणाऱ्याचा सत्कार करावा. सर्वांत महागड्या गाडीचा करू नये.

देण्यापूर्वी, देताना, दिल्यावर

दहा पारमितांमध्ये दान पारमिता पहिली मानली जाते. दान देण्यापूर्वी मन आनंदी असावे, देताना प्रसन्न असावे आणि दिल्यानंतर समाधानी असावे, अशी शिकवण पाली त्रिपिटकात आहे. वाहनफेरीचे नियोजन याच तीन पायऱ्यांनी करता येईल.

पहिली पायरी पूर्वतयारीची. निधी कशासाठी हे आधी लिहून काढावे. ‘समाजकार्यासाठी’ असे मोघम लिहू नये. किती विद्यार्थ्यांना, कोणत्या खर्चासाठी आणि निवड कोण करणार, हे पत्रकात छापावे. मार्ग आणि वेळ यांची माहिती देऊन पोलीस ठाण्याची रीतसर परवानगी घ्यावी. शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 189 खाली गुन्हा आहे, हे तरुणांना स्पष्ट सांगावे. खासगी वाहनात माणसे बसवून सीटचे भाडे घेऊ नये. तसा परवाना त्या वाहनाला नसतो. विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना तपासावा. पावसाळ्याचे चार महिने टाळावेत.

मार्गाच्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत बौद्ध राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवले होते. त्याच्यासाठी 1910 साली बांधून झालेल्या राजवाड्यापासून निघावे. हातखंब्याला महामार्ग गाठून संगमेश्वरमार्गे चिपळूणला यावे. येथे एप्रिल 1929 मध्ये भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी खोतीच्या जाचाविरुद्ध आवाज उठवला आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे खेडवरून दापोलीला जाता येते. बाबासाहेबांचे बालपणीचे काही दिवस तेथे गेले. हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर होते. दोन दिवस हाताशी असतील तर दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीची 29 लेणी आणि मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव अवश्य घ्यावे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा किनारी मार्ग रम्य आहे, परंतु बोटीवर मोजकीच वाहने मावतात. मोठ्या ताफ्याने तिकडे जाऊन गावकऱ्यांची वाट अडवू नये.

दुसरी पायरी प्रत्यक्ष फेरीची. पाच-पाच वाहनांचे गट करावेत. प्रत्येक गटात पुढे आणि मागे अनुभवी चालक असावा. गटागटांत एवढे अंतर ठेवावे की एस.टी. आणि रुग्णवाहिका सहज पुढे जाऊ शकतील. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यानेही शिरस्त्राण घालावे. शाळा आणि दवाखान्याजवळ भोंगे व घोषणा बंद असाव्यात. प्रथमोपचाराची पेटी बरोबर ठेवावी आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक सर्वांना पाठ असावा. पंचशीलातील पाचवे शील तर या दिवशी काटेकोर पाळलेच पाहिजे. मद्य घेतलेल्याच्या हाती किल्ली जाता कामा नये, मग तो कितीही मोठा कार्यकर्ता असो. प्रत्येक थांब्यावर तेथील विद्यार्थ्यांनाच बोलू द्यावे. पाहुण्यांची भाषणे दहा मिनिटांत आटोपावीत.

तिसरी पायरी हिशोबाची, आणि बहुतेक उपक्रम येथेच लंगडे पडतात. प्रत्येक देणगीची क्रमांक असलेली पावती द्यावी आणि रक्कम संस्थेच्या बँक खात्यात भरावी. प्राप्तिकरात सवलत हवी असलेल्या देणगीदाराला दोन गोष्टी सांगाव्यात. संस्थेला त्या खात्याची मान्यता असावी लागते, आणि 2,000 रुपयांवरील रोख देणगीवर सवलत मिळत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या संस्थेला हिशोब ठेवणे आणि ते तपासून घेणे बंधनकारकच आहे. परंतु कायद्याच्या पलीकडे जाऊन फेरीनंतर महिन्याभरात जमा आणि खर्च यांचा तक्ता विहाराच्या फलकावर लावावा. मदत मिळालेल्या मुलांची नावे मात्र फलकावर लिहू नयेत. मदतीमुळे त्यांची मान ताठ राहिली पाहिजे.

एक विनंती

महाडच्या मार्च 1927 च्या परिषदेत प्रतिनिधींना पिण्यासाठी 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. त्या काळी 40 रुपये ही लहान रक्कम नव्हती. ज्या समाजाने पाण्यासाठी पैसे मोजून परिषद पार पाडली, त्या समाजाला आपल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी निधी उभा करणे अशक्य नाही. नागपूर येथे 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचे आवाहन केले होते. वाहनफेरी हा त्या विसाव्या हिश्शाला पर्याय नव्हे. नियमित दान देणाऱ्यांनी ते देत राहावे. जे अजून दूर आहेत, विशेषतः तरुण, त्यांना जवळ आणण्याचे हे एक साधन आहे.

येत्या हिवाळ्यात पाच मोटारसायकली आणि पन्नास देणगीदार एवढ्यावरही आरंभ करता येईल. पहिल्या वर्षी एकाच मुलीच्या शिक्षणाचा वर्षभराचा खर्च निघाला, तरी ती फेरी यशस्वी झाली असे आम्ही मानू. सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी यावर आपापल्या शाखेत चर्चा करावी आणि पुढील सर्वसाधारण सभेत सूचना मांडाव्यात, ही विनंती.

जय भीम!