काकडाशिवाय शेवळं

मृगाच्या आधी वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या, की आमची आई कल्याणच्या बाजारात रोज एक चक्कर मारायची. घरात भाजी असली तरीही. तिचा डोळा शेवळांवर असायचा. मुरबाडकडची एक ठाकरीण ठरलेल्या कोपऱ्यावर बसायची. ती दिसली की आईच्या चेहऱ्यावर माहेरचं माणूस भेटल्यासारखा आनंद दिसे.

ज्यांनी शेवळं पाहिलेली नाहीत, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. सुरणाच्याच कुळातली ही रानभाजी. पहिल्या पावसात, पान फुटण्याच्याही आधी, कंदातून तिचा फुलोरा भाल्यासारखा सरळ वर येतो. तोच खायचा. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. चव अशी की एकदा आवडली म्हणजे माणूस वर्षभर वाट बघतो. पण भाजी खाजरी. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. त्यावर उतारा म्हणजे काकड. हे रानातलंच झाड, त्याला हिरवी, आंबट फळं लागतात. ती वाटून, गाळून घेतलेला रस भाजीत घातला की खाज मरते. ठाकरीण शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं पदरात टाकायची. त्यांचे पैसे वेगळे नसत.

आई भाजी निवडायला बसली की मला हाक मारायची, "बस रे इथे जरा, बघून ठेव." हाताला तेल लावायचं, वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा भाग कापून टाकून द्यायचा. मी तेव्हा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. शेवळं निवडणं हा काही परीक्षेतला प्रश्न नव्हता. मी "आलोच" म्हणायचो आणि थेट पानावरच यायचो.

आई १९९४ साली गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्याच एका बाजारात मला शेवळांचा ढीग दिसला. मोठ्या हौसेने दोन जुड्या घेतल्या. विकणारा नेहमीचा भाजीवाला होता. त्याच्याकडे काकडं नव्हती आणि मला आठवलीही नाहीत. बायको सोलापूरची, तिने ही भाजी कधी पाहिलेली नव्हती. "कांदा-खोबऱ्यात परतायची, बस," असं मी अगदी जाणकाराच्या थाटात सांगून टाकलं. पहिल्या दोन घासांतच सगळ्यांचे घसे धरले. सहा वर्षांची मुलगी तर घसा धरून इतकी रडली, की रात्री तिला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. त्या रात्री मी जाहीर केलं, "ही भाजी पुन्हा या घरात येणार नाही."

आणि ती आली नाही. पंचवीसहून अधिक वर्षं.

रानातली विद्या लोप पावते असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर तुटणारी जंगलं येतात. ती तुटतातच. पण आमच्या घरात ही विद्या स्वयंपाकघरात संपली, आणि ती मीच संपवली. मला भाजीचं नाव माहीत होतं, चव माहीत होती. विसरली होती ती तिची अट. एका पिढीकडून दुसरीकडे जाताना पहिल्यांदा गळते ती अटच. करांदे खातात हे लक्षात राहतं. कडू करांदे राख घालून उकळल्याशिवाय खायचे नसतात, हे विसरलं जातं. टाकळ्याची भाजी लक्षात राहते, पण ती कोवळी असतानाच खुडायची हे राहत नाही. मग एकदा कुणाला तरी बाधतं, आणि दोष येतो भाजीवर.

अर्थात आजीला सगळं ठाऊक होतं आणि आपण सगळं घालवलं, असा गळा काढण्यातही अर्थ नाही. लहानपणी गुडघा फुटला की आजी दगडीपाला चुरगळून त्याचा रस जखमेवर पिळायची. हे औषध ऋषिमुनींच्या काळापासूनचं असणार, अशी माझी खात्री होती. पुढे वाचनात आलं, की दगडीपाला, म्हणजेच एकदांडी, ही मूळची अमेरिका खंडातली. म्हणजे आजीच्या कुठल्या तरी आजीने एक परकं तण पाहिलं, चुरगळलं, लावून बघितलं आणि लेकीला सांगितलं. पारंपरिक ज्ञान म्हणजे कुलूप लावून ठेवलेला दागिना नव्हे. प्रत्येक पिढी त्यात भर घालत होती. कारण त्यांचे हात रोज पाल्यात होते. आमचे हात फायलींत गेले.

लिहून ठेवण्याचं महत्त्व एका खटल्याने आपल्याला शिकवलं. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. आपण जिंकलो, ते हळदीबद्दल छापील पुरावे दाखवता आले म्हणून. "आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे," एवढं म्हणून भागलं नसतं. ठाकरणीने पदरात टाकलेल्या मूठभर काकडांचा मात्र पुरावा कुठे असतो?

गेल्या वर्षी जूनमध्ये मुलगी माहेरी आली ती हातात शेवळांची जुडी घेऊन. हीच ती, जी घसा धरून रडली होती. म्हणाली, "बाबा, आजीची भाजी करायची." मोबाइलवर फोटो काढून तिने शेवळाचं शास्त्रीय नावही शोधलं होतं, आणि ते बरोबर होतं. मी विचारलं, "काकडं?" ती गप्प.

दोघं पुन्हा स्टेशनाबाहेर गेलो. विकणारी विशीतली ठाकर मुलगी होती. "काकडं नाहीत का गं?" तर म्हणाली, "आजी आणायची. आमच्याकडचं झाड रस्त्यात गेलं. तुम्ही चिंच घाला भरपूर, आम्ही तीच घालतो." म्हणजे तुटलं होतं ते फक्त आमच्याच घरात नव्हे. पण तिने तुटल्या जागी गाठ मारली होती. मी मारली नव्हती.

घरी येऊन मुलगी निवडायला बसली. तिच्या मुलाला मी हाक मारली. तो मोबाइलमध्ये होता, "आलोच" म्हणाला. मी उठलो, त्याला हाताला धरून आणला आणि त्याच्या तळहातावर तेल घातलं.

चिंचेच्या कोळातली भाजी कुणाच्याही घशाला लागली नाही. आईच्या हाताची चव मात्र तिला नव्हती. ती चव काकडाची होती, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. या जूनमध्ये काकडाचं रोप कुठे मिळतं का, ते बघणार आहे.