उतरलेला विद्युतदाब आणि घरातील ध्वनियंत्रणा

इमारतीतील पाण्याचा पंप किंवा घरातील गिझर सुरू झाला की दिवे मंदावतात आणि ॲम्प्लिफायरमधून घरघर ऐकू येऊ लागते, हा अनेक कुटुंबांचा नित्याचा अनुभव आहे. अशा वेळी प्रथम विचार मनात येतो तो स्टॅबिलायझर खरेदीचा. परंतु खर्च करण्यापूर्वी दाब नेमका कोठे उतरतो हे तपासणे श्रेयस्कर ठरते. कारण आवाजातील हा दोष कित्येकदा भिंतीआड तापणाऱ्या सैल जोडाची पूर्वसूचना असतो.

आवाज का बिघडतो?

भारतात घरगुती एकफेजी पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट धरला जातो. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये त्यात ६ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य होता. म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये जड ट्रान्सफॉर्मर असतो, त्याची कमाल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दाब १९० व्होल्टवर आला, तर ती सुमारे ६८ टक्के उरते. हळू आवाजात हा फरक जाणवत नाही. मात्र तबल्याची जोरदार थाप किंवा तारसप्तकातील स्वर फाटल्यासारखा येतो. दाब आणखी उतरल्यास यंत्रातील दाब स्थिर राखणारे मंडल अपुरे पडते आणि १०० हर्ट्झची घरघर स्पीकरमध्ये उतरते. गुणगुणीची अन्य कारणेही असतात. परंतु ती दिवे मंदावण्याबरोबर येत-जात असेल, तर संशय पुरवठ्यावरच घ्यावा.

दाब कोठे हरवतो?

प्रवाह तारेतून वाहताना थोडा दाब खर्ची पडतोच. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. मीटरपासून सॉकेट २० मीटर दूर असेल, तर जाण्या-येण्याची तार ४० मीटर व रोध सुमारे अर्धा ओहम होतो. १० अँपिअरच्या भारावर त्यात केवळ ५ व्होल्ट घटतात. याउलट, एखाद्या सैल वा गंजलेल्या जोडाचा रोध २ ओहम झाला, तर त्याच भारावर तेथे २० व्होल्ट हरवतात आणि सुमारे २०० वॅट उष्णता त्या इवल्याशा जागी निर्माण होते. स्विचबोर्ड काळवंडणे, जळकट वास येणे आणि अखेर आग लागणे, हा त्यापुढील क्रम होय.

तपासणी कशी करावी?

परवानाधारक वायरमनकडून जड उपकरण बंद व सुरू असताना, अशा दोन्ही वेळी, मीटरपाशी आणि सॉकेटपाशी दाब मोजून घ्यावा. मीटरपाशी दाब स्थिर असून सॉकेटपाशीच बराच उतरत असेल, तर दोष घरातील वायरिंगमध्ये आहे. मीटरपाशीही उतरत असेल, तर तो इमारतीच्या मुख्य केबलमध्ये वा वीज कंपनीच्या वाहिनीत शोधावा लागतो. अशी तक्रार लेखी करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. कंपनीकडून निराकरण न झाल्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४२ अन्वये ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच व त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे दाद मागता येते.

काही दिवे मंद, तर काही एकाएकी प्रखर झाल्यास न्यूट्रल तुटल्याची किंवा सैल झाल्याची शक्यता असते. अशा प्रसंगी दाब २३० व्होल्टच्या कितीतरी वर जाऊ शकतो. मुख्य स्विच तत्काळ बंद करून वीज कंपनीस कळवावे.

उपकरणाची निवड

यंत्राच्या मागील पट्टीवर ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असल्यास दाब उतरला म्हणून स्टॅबिलायझर घेण्याची सहसा गरज नसते. केवळ ‘२३० व्होल्ट’ लिहिलेल्या यंत्रासाठी, बाहेरील दोष लवकर दूर होणार नसेल, तर पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर उपयोगी पडतो. रिले पद्धतीचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने दाब बदलतो व बदलताना टक-टक आवाज करतो. सर्व्हो पद्धतीचा सावकाश, पण अखंडपणे बदलतो. स्पाइक गार्ड क्षणिक उच्च दाबाचे झटके रोखतो. उतरलेला दाब तो चढवू शकत नाही.

स्टॅबिलायझर दाब वाढवतो तो मूळ तारेतून अधिक प्रवाह ओढून. १९० व्होल्टचे २३० करताना हा प्रवाह सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. एका ॲम्प्लिफायरपुरता हा भार किरकोळ असला, तरी संपूर्ण घरासाठी स्टॅबिलायझर बसवल्यास सैल जोड अधिकच तापतो. म्हणून आधी जोडांची दुरुस्ती, नंतर खरेदी, हाच क्रम ग्राहकांनी पाळावा. त्यात पैशाची बचत आहे आणि घराची सुरक्षितताही.