बूलच्या बीजगणितात ‘लहान-मोठं’ कसं ठरतं? मार्क इथेच जातात

अमरावती-अकोल्याकडच्या शेतकऱ्यांना विचारा, खरिपात काय पेरलं? कुणी नुसती पऱ्हाटी सांगेल, कुणी पऱ्हाटी-तूर, कुणी सोयाबीन-तूर. कम्प्युटर इंजिनीअरिंगच्या पोरांना बूलियन अल्जेब्रातला क्रमसंबंध समजायला या याद्या पुरतात.

पहिल्या यादीतलं सगळं दुसरीत असेल, तर क ≤ ख. हेच समीकरणात: क·ख = क. गुणाकार म्हणजे दोन्हींत सामाईक असलेलं; बेरीज म्हणजे दोन्हींतलं मिळून सगळं.

गफलत होते ती आकड्यांच्या सवयीने. दोन आकड्यांत एक लहान किंवा दोन्ही सारखे, हे ठरलेलं. पण पऱ्हाटी-तूर आणि सोयाबीन-तूर यांत लहान कोण? कुणीच नाही. ‘क लहान नाही, म्हणजे ख लहान’ असं मीही परीक्षेत लिहून आलो होतो. मार्क गेले, आणि जायलाच हवे होते. तीन पिकांच्या, पडीक शेत धरून, ८ याद्या होतात. त्यांच्या २८ जोड्यांपैकी ९ जोड्यांची अशी तुलनाच होत नाही.

आता सिद्धता. वर्तुळं काढून गोष्ट समजते, पण ‘सिद्ध करा’ म्हटलं की नियमच लागतात.

क·क = क, म्हणून क ≤ क. क ≤ ख आणि ख ≤ क असेल तर क = क·ख = ख·क = ख. तिसरा गुणधर्म जरा लांब: क ≤ ख, ख ≤ ग दिलंय. क·ग मध्ये क च्या जागी क·ख ठेवा. (क·ख)·ग झालं. कंस सरकवा: क·(ख·ग). ख·ग म्हणजे ख, उरलं क·ख, म्हणजे क. म्हणून क ≤ ग.

पूरक घेतलं की मात्र दिशा उलटते: क ≤ ख असेल तर ख′ ≤ क′. क·ख = क च्या दोन्ही बाजूंचं पूरक घ्या; डी मॉर्गनच्या नियमाने क′ + ख′ = क′. (हा डी मॉर्गन १८०६ साली आपल्याच मदुराईत जन्मला.) मग ख′·क′ = ख′·(क′ + ख′) = ख′. झालं.

सर्किटमध्ये याचा थेट उपयोग आहे. ‘वीज आणि पाणी दोन्ही, किंवा नुसतं पाणी’ अशी अट लिहिली, तर पहिला भाग दुसऱ्यापेक्षा लहान. म्हणून बेरीज फक्त ‘पाणी’. दोन गेट वाचले.